हलका रस्ता, जड प्रश्न

पावसाळ्यात वस्तीच्या कच्च्या वाटेवर टेम्पो रुतला की आपण चाकाखाली फळी सरकवतो. फळीमुळे चाकाचा भार जास्त जागेवर पसरतो आणि गाडी निघते. लष्कराचा तात्पुरता रस्ता म्हणजे याच फळीचे मोठे रूप होय. खडी-डांबराच्या कामाला दिवसच्या दिवस लागतात. तोफांना आणि जखमींच्या गाड्यांना मात्र तासाभरात वाट हवी असते.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने यासाठी भोके पाडलेल्या पोलादी पट्ट्या काढल्या. १९४१ साली नॉर्थ कॅरोलिनातील मार्स्टन गावाजवळ त्या वापरून पाहिल्या, म्हणून त्यांना 'मार्स्टन मॅट' हे नाव पडले. एक पट्टी १० फूट लांब, १५ इंच रुंद आणि वजनाला सुमारे ३० किलो. आम्ही पडलो कारकून. हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. १० फूट रुंदीचा १०० मीटर रस्ता करायचा तर सुमारे २६० पट्ट्या लागतात, म्हणजे जवळजवळ ८ टन लोखंड! ते जवानांनी उचलायचे, एकमेकांत अडकवायचे. आघाडीवर जितक्या खेपा जास्त, तितका वेळ शत्रूच्या माऱ्यात उघडे राहायचे. म्हणूनच येथे वजनाचा प्रश्न हा जिवाचा प्रश्न आहे.

पुढे ॲल्युमिनियम आले आणि फायबरही आले. काचेचे बारीक तंतू रेझिनमध्ये भिजवून घट्ट केले की हा संमिश्र पदार्थ, म्हणजे कंपोझिट, तयार होतो. तेवढ्याच आकाराच्या पोलादाच्या साधारण चौथाई वजनात तो बसतो.

बॉम्बने धावपट्टीवर खड्डा पडला की अमेरिकेचे हवाई दल घडीची फायबर चटई अंथरते. ६ फूट रुंद व ३० फूट लांब अशा ९ पट्ट्या रबरासारख्या लवचीक बिजागरीने जोडलेल्या असतात. सगळ्यांचे वजन सुमारे १,३६० किलो. चौरस मीटरला हिशेब केला तर पोलाद २६ किलो, फायबर अवघे ९ किलो!

मग अडचण कोठे आहे? ही चटई अर्धा इंच जाडीची आहे. खाली खडी नीट दाबून घेतली तरच ती काम करते. नुसत्या चिखलावर ती वाकेल आणि चाक खाली जाईल. यावर उपाय म्हणजे दोन कडक पापुद्र्यांमध्ये हलका फोम किंवा मधाच्या पोळ्यासारखी जाळी भरणे. जाडी दुप्पट केली तर ताठपणा बराच वाढतो, वजन मात्र थोडेच वाढते.

तरीही खरी कसोटी पुढेच असते. जोड सर्वांत आधी तुटतात. उन्हाने रेझिन खराब होते. ओला पृष्ठभाग निसरडा होतो, म्हणून वर खरखरीत लेप द्यावा लागतो. वाकलेले पोलाद घणाने सरळ होते. फायबरचे थर आतून सुटले तर वरून पत्ताही लागत नाही. शिवाय जुने पोलाद वितळवता येते, फायबरला भंगारवालाही विचारत नाही.

आपल्याकडे पुण्याजवळ दिघी येथे डीआरडीओची संस्था लष्करासाठी पूल व तत्सम साधने बनवते. अशा साधनांची गरज युद्धापुरतीच नसते. महापुरात रस्ता वाहून गेला की बाळंतिणीला नेणारी गाडीही त्याच चिखलात रुतते. चार माणसांना सहज उचलता येईल असा मजबूत रस्ता तयार झाला, तर तो सीमेइतकाच आपल्या गावालाही उपयोगी पडेल.