पाहण्यासारखं काय आहे? – लोहाऱ्याहून एका दिवसाच्या सहली



तत्त्वज्ञानाच्या माणसाला सहलींवर बोलायला सांगितलं, म्हणून काही जणांना गंमत वाटली असेल. पण विषय मीच सुचवला. चाळीसेक वर्षं विद्यार्थ्यांच्या तोंडून एक वाक्य ऐकत आलो आहे, "सर, आपल्या इथं पाह्यासारखं हाय तरी काय?" हे वाक्य मला साधं वाटत नाही. ज्याला आपल्या गावात पाहण्यासारखं काही दिसत नाही, त्याला हळूहळू आपल्यातही काही सांगण्यासारखं दिसेनासं होतं. त्यातून आपला जिल्हा. बाहेरचा माणूस यवतमाळचं नाव ऐकतो ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातमीत. ती बातमी खोटी नाही. पण तेवढीच ओळख घेऊन इथली मुलं पुण्याला जातात आणि गाव विचारलं की 'नागपूरकडचा' म्हणून सांगतात. म्हणून आजचा विषय असा : सकाळी लोहाऱ्याहून निघून रात्री घरी परत येता येईल, एवढ्या टापूत काय पाहावं, आणि कसं पाहावं.

सुरुवात इथूनच करू. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलानं 'ऐन-ए-अकबरी' लिहिली. तिच्यात आपल्या परगण्याचं नाव 'योत-लोहारा' असं येतं. योत म्हणजे येवता किंवा यवत, यवतमाळचं जुनं नाव. 'माळ' हा 'महाल'चा अपभ्रंश, म्हणजे परगण्याचं ठाणं. आणि लोहारा म्हणजे हेच आपलं गाव, यवतमाळच्या पश्चिमेला तीन मैलांवरचं. अकबराच्या दप्तरात यवतमाळच्या जोडीनं ज्याचं नाव आहे, त्या गावाला आज लोक 'एमआयडीसीचा स्टॉप' म्हणून ओळखतात!

इथल्या कमलेश्वराच्या देवळात आपण सगळे जातो. पुढच्या वेळी हात जोडून झाल्यावर दहा मिनिटं नुसते दगड पाहा. हेमाडपंती म्हणतो ती बांधणी म्हणजे चुना न वापरता दगडात दगड बसवायचा आणि भार भारानंच तोलायचा. नाव यादवांचा मंत्री हेमाद्री याच्यावरून पडलं, पण अशी देवळं त्याच्या आधीही बांधली जात होती. सांधा कुठे आहे ते बोटानं शोधा. मुलं बरोबर असतील तर त्यांना शोधायला लावा. मोठ्यांपेक्षा त्यांना लवकर सापडतो.

आणि इथलं जंगल. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला, पण वऱ्हाडात समुद्र कुठला? इथं लोकांच्या जिवाला लागलेला कायदा जंगलाचा होता. गवत कापायचं नाही, गुरं चारायची नाहीत. लोकनायक बापूजी अणे, आपल्या वणीचे, यांनी त्या वर्षीच्या जुलैत पुसदकडे गवत कापून कायदा मोडला. त्याच महिन्यात डॉ. हेडगेवारांच्या तुकडीनं लोहाऱ्याच्या जंगलात तेच केलं आणि त्यांना तुरुंगवास झाला. पुढच्या काळात या दोघांच्या वाटा किती वेगळ्या झाल्या, हा आजचा विषय नाही. विळा हातात घेऊन रानात जाणं हा गुन्हा होता, आणि तो गुन्हा करायला माणसं मुद्दाम इथे आली, एवढं त्या रस्त्यानं जाताना आठवावं.

आता थोडं लांब जातो, इंग्लंडपर्यंत. 'एक दिवसाची सहल' ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी गोष्ट तिथल्या गिरणी-कारखान्यांच्या गावांत घडली. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक नावाच्या गृहस्थानं लेस्टरहून लफबरोला रेल्वेनं सुमारे पाचशे माणसं नेली. एका शिलिंगात जाणं-येणं. कशासाठी? दारूबंदीच्या सभेसाठी! त्यातून पुढे प्रवासी कंपनी निघाली. आठवडाभर यंत्रापुढे उभं राहणाऱ्याला मोकळा दिवस मिळाला आणि रेल्वे परवडू लागली, तेव्हा मँचेस्टरकडचे गिरणीकामगार ब्लॅकपूलच्या समुद्रावर जाऊ लागले.

त्या मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस लागायचा, आणि तो आपल्याकडून जायचा. त्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यवतमाळ-मूर्तिजापूर ही अडीच फुटी रेल्वे झाली, किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीची. हीच आपली शकुंतला. हिचं वाफेचं इंजिनही मँचेस्टरलाच १९२१ साली बनलेलं, आणि ते १९९४ पर्यंत धावलं! नंतर डिझेल आलं, आणि मग गाडीच थांबली. म्हणजे पाहा, कापूस पिकवणारा इथे, कातणारा तिथे. एकाच धाग्याची दोन टोकं. तिकडच्या टोकाला रविवारची सहल जन्मली. इकडच्या टोकाला सुट्टी हा शब्दच नव्हता. शेतकऱ्याला आजही नाही. गुरांना रविवार कळत नाही.

शकुंतलेचा जुना मार्ग हा माझ्या मते या भागातला सगळ्यात दुर्लक्षित फेरफटका आहे. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना रूळ कुठे दिसतात, कुठे झुडपांत बुडतात. ११३ किलोमीटरला ही गाडी जवळजवळ सगळा दिवस घ्यायची, आणि प्रवाशांना त्याची तक्रार नसायची. थंडीच्या दिवसांत एखादं स्टेशन गाठून त्या रुळांवरून मैलभर चाला. तिकीट नाही, गाईड नाही, धक्काबुक्की नाही.

मग आपल्याकडे सहल नव्हतीच का? होती, पण देवाच्या नावानं. कार्तिकातलं आवळीभोजन घ्या, वनभोजन घ्या. शेतातल्या मारुतीला नवस फेडायचा म्हणून गोवऱ्यांवर रोडगे भाजायचे, वांग्याची भाजी, वरण, आणि सगळं गोत झाडाखाली. बाईमाणसाला घराबाहेर मोकळा दिवस मिळायचा तो असा. नवस किती खरे आणि किती निमित्ताचे, हे त्या बायाच जाणोत!

आणि प्रवासाचं पुस्तक म्हणाल, तर मराठीत तेही जुनं आहे. महानुभावांची 'स्थानपोथी', चौदाव्या शतकातली. चक्रधरस्वामी जिथं जिथं राहिले, बसले, जेवले, त्या त्या जागेचं वर्णन. देऊळ कोणत्या तोंडाचं, दार कुठं, पिंपळ कोणत्या बाजूला. भक्ताला ती जागा नेमकी सापडावी म्हणून लिहिलेली. आजच्या नकाशात 'आपण पोहोचला आहात' असं येतं तेवढं ती सांगते, वर तिथं काय घडलं हेही सांगते. मला तिचा हा दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो.

कळंबला अशा नजरेनं जा. यवतमाळहून नागपूर रस्त्यानं पंचवीसेक किलोमीटर, चक्रावती नदीकाठी चिंतामणीचं देऊळ. बहुतेक देवळांत आपण पायऱ्या चढतो. इथं जमिनीच्या खाली उतरावं लागतं. कुंडाचं पाणी काही वर्षांनी आपोआप चढतं आणि गणपतीच्या पायांना लागून ओसरतं, असं भाविक सांगतात. तुम्ही श्रद्धेनं पाहा किंवा भूगर्भातल्या पाण्याच्या पातळीचं निरीक्षण म्हणून पाहा. दोन्ही करणाऱ्याला मला वाटतं जास्त दिसतं. गर्दी नको असेल तर चतुर्थी टाळा.

पाण्यावरून निळोणा आठवतं. पावसाळ्यात धरण ओसंडलं की सगळं यवतमाळ मक्याची कणसं खात तिथे उभं असतं. जरूर जा. पण एकदा उन्हाळ्यातही जा. २०१७ चा पाऊस दगा देऊन गेला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह दोन्ही आटले. शहर टँकरकडे डोळे लावून बसलं होतं. तडे गेलेला तळ पाहिलेल्या माणसाला ओसंडणारं पाणी निराळं दिसतं.

आता टिपेश्वर. पांढरकवड्याजवळचं हे अभयारण्य १४८ चौरस किलोमीटरचं आहे, सुन्ना आणि माथनी ही त्याची प्रवेशद्वारं. साग, पळस, मोह. फाल्गुनात गेलात तर पळसानं रान पेटल्यासारखं दिसतं. पुण्या-मुंबईचे, हैदराबादचे लोक वाघासाठी मुद्दाम येतात, आणि जिल्ह्यातल्या कित्येकांनी ते पाहिलेलं नाही. जिप्सीचा खर्च हे एक कारण, पण तेवढंच नाही. ज्याची गाय वाघानं नेली, त्याला पैसे देऊन वाघ पाहायला या म्हणणं म्हणजे थट्टा झाली. २०१८ मध्ये, राळेगाव-पांढरकवडा भागात १३ माणसांचे बळी ज्या वाघिणीच्या नावावर लागले, ती अवनी गोळीनं मेली. तेव्हा शहरांत मेणबत्त्या लागल्या, आणि इथल्या गावांत लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. कोण चूक? वर्गात मी हा प्रश्न अनेकदा टाकला आहे. शहरातली मुलं वाघिणीच्या बाजूनं बोलत, खेड्यातली गप्प बसत. त्यांच्या गप्प बसण्यात जास्त युक्तिवाद होता, असं माझं मत आहे.

त्यानंतरच्याच वर्षी टिपेश्वरचा एक तरुण नर वाघ निघाला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून कळलं. तेलंगणात शिरून, शेतांतून, रस्ते ओलांडत, सुमारे १३०० किलोमीटर चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत एवढी गावं लागली, बहुतेकांना पत्ताही लागला नाही. म्हणजे अभयारण्याची हद्द ही आपल्या कागदावर आहे. वाघाला आणि गुराख्याला एकच रान वापरावं लागतं. सफारीला जाल तेव्हा गाईडला 'वाघ दिसेल का' याच्याआधी 'तुमचं गाव कोणतं, तुमच्याकडे गुरं आहेत का' हे विचारा. गाईड बहुधा आसपासच्या गावचाच असतो.

बाकीचं भराभर सांगतो. आर्णीमार्गे माहूर, रेणुका आणि दत्तशिखर सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिथली लेणी आणि किल्ला राहून जातो, त्यासाठी सकाळी लवकर निघा. आर्णीत बाबा कंबलपोशांचा दर्गा, सगळ्या जातीधर्मांची माणसं येतात. सहस्रकुंडचा धबधबा पैनगंगेवर, नांदेडच्या सीमेला. लांब पडतो, आणि खडक निसरडे आहेत, पोरांना आवरा. वर्ध्याकडे सेवाग्राम आणि पवनार एका दिवसात होतात. बापूकुटीत बोलू नका, नुसतं बसा.

कान्टचं नाव घेतल्याशिवाय मी व्याख्यान संपवत नाही, हे जुन्या विद्यार्थ्यांना माहीत आहे. तो जन्मभर कोनिग्सबर्गच्या आसपासच राहिला आणि चाळीसेक वर्षं भूगोलावर व्याख्यानं देत राहिला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाचं त्यानं असं वर्णन केलं, की ऐकणाऱ्या इंग्रजानं विचारलं, तुम्ही तिथे किती वर्षं होता? हा किस्सा सांगून लोक म्हणतात, पाहा, फिरायची गरजच नाही! मी उलटं म्हणतो. तो आपल्या गावात रोज ठरल्या वेळी चालायला बाहेर पडायचा. ते किती जण करतात?

मघाशी चिठ्ठी आली आहे, 'सर, गाडी नसेल तर?' कळंब, दारव्हा, आर्णी, पांढरकवडा, सगळीकडे यवतमाळहून एसटी आहे. बायांना अर्धं तिकीट, पासष्टच्या पुढं अर्धं, पंच्याहत्तरी ओलांडली की फुकट. आधार कार्ड तेवढं खिशात ठेवा. टिपेश्वरला मात्र पांढरकवड्याहून पुढं वाहन ठरवावं लागतं, आणि पावसाळ्यात सफारी बंद असते. चार घरांनी मिळून जिप्सी केली तर खर्च आवाक्यात येतो. उन्हाळ्यात जाणार असाल तर माणशी दोन बाटल्या पाणी, दुपट्टा, आणि अकराच्या आत सावलीत.