प्रश्नोत्तरांचा तास

सातपुड्याच्या कुशीतील एका गावी प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, अशी कल्पना करा. इमारत पक्की आहे, दारावर पाटी आहे, औषधांचे कपाटही आहे. परंतु डॉक्टरांची खुर्ची आठ महिन्यांपासून रिकामी आहे. तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन आलेली आई परिचारिकेकडून दोन गोळ्या घेते आणि तीस किलोमीटरांवरील रुग्णालयाची वाट धरते. गावकऱ्यांनी अर्ज केले, तालुक्याच्या कचेरीत खेटे घातले. 'वर कळविले आहे' एवढेच उत्तर त्यांना मिळाले. हे 'वर' म्हणजे नेमके कोठे, आणि तेथपर्यंत या गावाचा आवाज पोहोचावा तरी कसा?

गावाने निवडून दिलेले आमदार विधानसभेत बसतात. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ सदस्य आहेत आणि विधान परिषदेत ७८. कायदे करणे व राज्याच्या खर्चाला मंजुरी देणे ही त्यांची कामे तुम्हाला ठाऊक असतील. मंत्र्यांना जाब विचारणे हेही तितकेच मोठे काम होय. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असेल, असे आपल्या राज्यघटनेत लिहिले आहे. 'जबाबदार' या शब्दाच्या पोटातच 'जबाब' आहे, हे पाहण्यासारखे आहे. सभागृहाच्या कामकाजाचा पहिला तास सामान्यतः याच जबाबासाठी राखून ठेवलेला असतो.

हा अधिकार आपल्याला सहजासहजी लाभलेला नाही. इंग्लंडमध्ये १७२१ साली साउथ सी नावाच्या कंपनीचा खजिनदार परदेशी पळून गेला. त्याला तेथे पकडले, हे खरे काय, असे लॉर्ड कूपर यांनी वरिष्ठ सभागृहात सरकारला विचारले. तेथील पार्लमेंटात मंत्र्यांना विचारलेला, नोंद असलेला पहिला प्रश्न तोच, असे मानतात. आपल्याकडे मात्र १८६१ च्या कायद्याखालील कौन्सिलांना केवळ कायद्यांच्या मसुद्यांचा विचार करता येई. सरकारला प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. ती १८९२ च्या कायद्याने झाली. पुढे फिरोजशहा मेहता, लोकमान्य टिळक, गोपाळ कृष्ण गोखले हे मुंबईच्या कौन्सिलात बसले, तेव्हा हा अधिकार नवा होता आणि अपुराही होता. सरकारने दिलेले उत्तर मुकाट्याने ऐकून घ्यावे लागे. त्यावर उपप्रश्न विचारण्याची परवानगी नव्हती. १९०९ च्या सुधारणांनी ती मूळ प्रश्नकर्त्याला मिळाली आणि १९१९ च्या सुधारणांनंतर इतर सभासदांनाही मिळाली. एका लहानशा उपप्रश्नासाठी सत्तावीस वर्षे लागली!

आता आपल्या गावाच्या प्रश्नाकडे वळू. आमदार आपला प्रश्न लिहून बरेच दिवस आधी विधानमंडळाच्या सचिवालयाकडे पाठवितात. ज्याचे उत्तर सभागृहात तोंडी हवे असते त्यावर तारका असते, म्हणून तो 'तारांकित' प्रश्न. ज्याला लेखी उत्तर पुरेसे असते तो 'अतारांकित'. प्रश्नाच्या भाषेलाही नियमांचे बंधन असते. त्यात टोमणा नसावा, कोणावर आरोप नसावा, स्वतःचे मत नसावे. 'आरोग्य केंद्राचा कारभार इतका बेफिकीर का?' असे विचारलेले चालत नाही. प्रश्न असा लिहावा लागतो: 'सदर केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद गेल्या आठ महिन्यांपासून रिक्त आहे, हे खरे आहे काय? असल्यास, ते भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' तापलेल्या माणसाला ही भाषा कोरडी वाटेल. पण टोमण्याला टोमण्याने उत्तर देऊन मोकळे होता येते. 'हे खरे आहे काय?' या प्रश्नापुढे मात्र होय किंवा नाही असे म्हणावेच लागते.

प्रश्न दाखल झाला की तो मंत्रालयातील सार्वजनिक आरोग्य विभागाकडे जातो. मंत्र्यांना त्या दूरच्या खेड्यातील खुर्चीची माहिती कोठून असणार? म्हणून प्रश्न खाली उतरू लागतो. संचालकांच्या कार्यालयाकडून जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, तेथून तालुक्याला, आणि शेवटी त्या केंद्राच्याच दारात. नोंदवह्या उघडल्या जातात. पद कोणत्या तारखेला रिकामे झाले, नवा डॉक्टर मिळावा म्हणून पत्र कधी गेले, ते कोणाच्या टेबलावर पडून राहिले, हे सारे लिहून काढावे लागते. गावकऱ्यांचा जो अर्ज धूळ खात पडलेला असतो, त्याचाही शोध सुरू होतो. कारण मंत्र्यांना सभागृहात उभे राहावयाचे असते, आणि तेथे जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास तो सभागृहाचा हक्कभंग ठरू शकतो. मला तर सभागृहातील उत्तराहून हा खालचा प्रवासच अधिक मोलाचा वाटतो. कधी कधी उत्तर छापून होण्यापूर्वीच खुर्चीवर डॉक्टर येऊन बसलेले असतात.

ठरलेल्या दिवशी अध्यक्ष प्रश्न पुकारतात. छापील उत्तर सदस्यांच्या हाती आलेले असते: 'हे अंशतः खरे आहे. पद भरण्याची कार्यवाही सुरू आहे.' सदस्याने मंत्र्यांशी थेट बोलावयाचे नसते; जे सांगावयाचे ते अध्यक्षांना उद्देशून. आपल्या कल्पनेतील आमदार उठून म्हणतात, "अध्यक्ष महाराज, 'अंशतः' म्हणजे काय? पद रिकामे आहे की नाही?" मंत्री सांगतात, "शेजारच्या केंद्रातील डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस तेथे जातात." "मग उरलेल्या पाच दिवसांत आजारी पडणाऱ्यांनी काय करावे?" सभागृहात हशा पिकतो, पण मंत्र्यांना उत्तर द्यावेच लागते. इतक्यात दुसरे सदस्य उठतात: "डोंगराळ व आदिवासी भागात वीस हजार लोकवस्तीमागे एक आरोग्य केंद्र असावे, असा दंडक आहे. या जिल्ह्यात अशी केंद्रे किती, आणि त्यांपैकी किती ठिकाणी डॉक्टर नाहीत?" एका गावाचा प्रश्न पाहता पाहता साऱ्या जिल्ह्याचा होतो.

असे आकडे शेजारी शेजारी मांडले की एका भागाला काय मिळाले आणि दुसऱ्याला काय मिळाले नाही, हे दिसू लागते. महाराष्ट्रात या तुटीला 'अनुशेष' म्हणतात. तो मोजण्यासाठी १९८३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. रेल्वेने नागपूरहून मुंबई आठशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे; तेव्हा विदर्भाचे गाऱ्हाणे राजधानीत ऐकू यावे कसे, ही चिंता राज्य स्थापन होण्यापूर्वीच व्यक्त झाली होती. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरास भरावे असे ठरले, आणि १९६० पासून, काही वर्षे वगळता, हिवाळी अधिवेशन तेथे भरत आले आहे. २०२० व २०२१ मध्ये ते मुंबईतच घ्यावे लागले. नागपुरास मंत्री जातात, सचिव जातात, फायलींचे गठ्ठे जातात, आणि संत्र्यांच्या हंगामात त्या शहराचे रस्ते मोर्च्यांनी भरून जातात.

प्रत्येक प्रश्नाला हे भाग्य लाभते असे नाही. तास थोडा, प्रश्न फार. गोंधळ माजून कामकाज तहकूब झाले तर तो तासच बुडतो. ज्यांची पाळी आली नाही त्यांची उत्तरे छापील स्वरूपात राहतात, पण छापील उत्तराला उपप्रश्न विचारता येत नाही. 'माहिती घेण्यात येत आहे' या वाक्याआड दडणेही काही नवे नाही.

आपल्या गावाची पाळी मात्र आली. मंत्री म्हणतात, "तीन महिन्यांच्या आत हे पद भरण्यात येईल." प्रतिवेदक ते वाक्य शब्दशः उतरवून घेतात. मंत्र्यांनी दिलेली वचने पाळली गेली की नाही, हे पाहण्यासाठी विधानमंडळाची आश्वासन समिती असते. ती विभागाकडे विचारणा करते, अधिकाऱ्यांना साक्षीस बोलावते. अध्यक्ष पुढील प्रश्न पुकारतात, तो कोठल्याशा मोडक्या पुलाचा असतो, आणि आरोग्य केंद्राची ती फाईल पुन्हा एकदा सातपुड्याची वाट चालू लागते.