संप्रेरकांचे वेळापत्रक आणि परळमधील एक जन्म

मानवी देहाची ओळख : लेखांक 7

मागील लेखांकात स्त्री व पुरुष यांच्या प्रजनन इंद्रियांची रचना पाहिली. ती इंद्रिये कोणाच्या आज्ञेने आणि कोणत्या वेळी काम करतात, हा या लेखांकाचा विषय आहे. अंडाशय, वृषण आणि गर्भाशय हे अवयव जन्मापासून शरीरात असले, तरी बालपणी ते जवळजवळ स्वस्थ असतात, वयात येताना जागे होतात, आणि स्त्रीच्या बाबतीत पन्नाशीच्या सुमारास अंडाशयांचे कार्य थांबते. हे सारे घडविणारी द्रव्ये म्हणजे संप्रेरके, अर्थात एका ग्रंथीत तयार होऊन रक्तावाटे दूरच्या अवयवापर्यंत पोहोचणारी आणि अत्यल्प प्रमाणातही मोठा परिणाम करणारी रसायने. असा संदेश रक्तातून जातो, याचा पहिला प्रायोगिक पुरावा जर्मनीतील गटिंगेन येथे अर्नोल्ड बर्टहोल्ड यांनी 1849 मध्ये दिला. वृषणे काढून टाकलेल्या कोवळ्या कोंबड्यांना तुरा नीट येत नाही व ते आरवत नाहीत. परंतु वृषण पोटात दुसऱ्या ठिकाणी रोपले, तर मज्जातंतूंचा जुना संबंध तुटलेला असूनही त्यांची वाढ नेहमीसारखी होते, असे त्यांना आढळले.

मेंदू, पीयूषिका आणि अंडाशय

या व्यवस्थेचा आरंभ मेंदूच्या तळाशी असलेल्या अधश्चेतक या भागात होतो. तेथून निघणारे एक लहानसे संप्रेरक ठरावीक अंतराने, तास-दीड तासाच्या लयीत स्रवते आणि लगतच्या पीयूषिका ग्रंथीला, म्हणजे पिट्युटरीला, चालना देते. ही लय इतकी आवश्यक आहे, की तेच संप्रेरक बाहेरून अखंड देत राहिल्यास पीयूषिका काही दिवसांत प्रतिसाद देणेच थांबवते. पीयूषिका दोन संप्रेरके रक्तात सोडते : अंडाशयातील पुटिकांची, म्हणजे अंडपेशी सांभाळणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांची वाढ करणारे पुटिका ग्रंथी संप्रेरक, आणि पिकलेल्या पुटिकेतून अंडे मोकळे करणारे पीतपिंडकारी संप्रेरक.

मुलीच्या जन्माच्या वेळी तिच्या अंडाशयांत सुमारे दहा ते वीस लाख अंडपेशी असतात, वयात येईपर्यंत त्यांतील तीन-चार लाख उरतात, आणि संपूर्ण आयुष्यात त्यांपैकी अवघ्या चारशेच्या आसपास अंडी पक्व होऊन बाहेर पडतात. प्रत्येक मासिक चक्रात काही पुटिका वाढू लागतात, त्यांतील साधारणपणे एकच पुढे जाते आणि ती वाढताना इस्ट्रोजेन हे संप्रेरक तयार करते, ज्यामुळे गर्भाशयाचे आतील अस्तर जाड होते. एरवी रक्तातील इस्ट्रोजेन पीयूषिकेला आवर घालते. मात्र त्याची उंच पातळी सुमारे दोन दिवस टिकली, की हाच आवर उलटून चालना बनतो आणि पीतपिंडकारी संप्रेरकाची मोठी लाट उसळते. अंडे पक्व झाल्याची वर्दी अशा रीतीने अंडाशय स्वतःच मेंदूला देते. ही लाट सुरू झाल्यापासून साधारण 34 ते 36 तासांनी अंडे बाहेर पडते आणि फार तर एक दिवस फलनक्षम राहते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात.

अंडे निघून गेल्यावर रिकाम्या पुटिकेचे पीतपिंडात रूपांतर होते. पीतपिंडातून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचे अस्तर गर्भ रुजण्यायोग्य करते, आणि गर्भ न रुजल्यास सुमारे दोन आठवड्यांनी पीतपिंड विरते व अस्तर गळून मासिक पाळी येते. गर्भ रुजला, तर त्याच्याभोवतीच्या पेशी मानवी कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन नावाचे संप्रेरक सोडतात, जे पीतपिंडाला जगवते. गर्भधारणेच्या चाचणीत लघवीत शोधले जाते ते हेच.

वृषणांचे कार्य

पुरुषाच्या शरीरातही पीयूषिकेची हीच दोन संप्रेरके काम करतात. एक वृषणातील लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन तयार करवून घेते, तर दुसरे शुक्राणूंच्या निर्मितीला साहाय्य करते. एक शुक्राणू घडण्यास सुमारे सत्तर दिवस लागतात, आणि हे काम मासिक चक्रात न चालता अखंड सुरू असते. टेस्टोस्टेरॉन केवळ पुरुषांचे आणि इस्ट्रोजेन केवळ स्त्रियांचे, ही समजूत अपुरी आहे. दोन्ही संप्रेरके दोघांच्याही शरीरात असतात आणि इस्ट्रोजेन टेस्टोस्टेरॉनसारख्या संप्रेरकांपासूनच बनते. पिळदार शरीरासाठी जे तरुण टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतात, त्यांच्या रक्तात ते पुरेसे असल्याचे मेंदूला जाणवते, पीयूषिका आपली आज्ञा मागे घेते, आणि परिणामी वृषणांतील शुक्राणूंची निर्मिती घटते, प्रसंगी थांबतेही.

मोजमापातून आलेले सामर्थ्य

हे वेळापत्रक ठाऊक असणे आणि एखाद्या स्त्रीच्या बाबतीत ते आज कोठवर आले आहे हे सांगता येणे, यांत मोठे अंतर होते. ते रक्तातील संप्रेरके मोजण्याच्या तंत्राने कमी झाले. 1977 चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेंदूतील संप्रेरकांच्या शोधासाठी अँड्र्यू शॅली व रोजे गिमाँ यांना, आणि किरणोत्सारी पदार्थाच्या साहाय्याने अशी सूक्ष्म मोजणी करणाऱ्या पद्धतीसाठी रोझलिन यालो यांना मिळून देण्यात आले. पुढच्याच वर्षी, 25 जुलै 1978 रोजी, इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे शरीराबाहेर फलन झालेल्या अंड्यातून जगातील पहिले बालक जन्मले. त्या वेळी रॉबर्ट एडवर्ड्‌स व पॅट्रिक स्टेप्टो यांनी औषधाने अंडी वाढविली नव्हती; लघवीतील पीतपिंडकारी संप्रेरकाची लाट टिपून नैसर्गिक चक्रातले एकच अंडे त्यांनी वेळेवर मिळविले.

मुंबईत परळ येथे महापालिकेचे केईएम रुग्णालय आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रजनन संशोधन संस्था जवळजवळ आहेत. येथे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या सहकार्यातून 6 ऑगस्ट 1986 रोजी, शास्त्रीय नोंदींनी पूर्णतः सिद्ध झालेले भारतातील पहिले नलिका-बालक जन्मले. महापालिकेच्या रुग्णालयातील स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सरकारी प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ यांनी एकत्र येऊन हे साधले, ही गोष्ट सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या सामर्थ्याचा दाखला म्हणून लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या पद्धतीत सामान्यतः पुटिका ग्रंथी संप्रेरक टोचून एकाच वेळी अनेक पुटिका वाढविल्या जातात. हे औषध आरंभी रजोनिवृत्त स्त्रियांच्या लघवीतून मिळविले जाई, आणि इटलीत त्यासाठी वृद्ध जोगिणींच्या मठांतून लघवी गोळा केली जात असे. त्यामागचे कारण वरील विवेचनातच आहे : अंडाशय थकल्यावर इस्ट्रोजेनचा आवर नाहीसा होतो, पीयूषिका अधिकाधिक संप्रेरक सोडत राहते आणि त्यातील बरेचसे लघवीवाटे बाहेर पडते. पुटिका पक्व झाल्यावर कोरिऑनिक गोनॅडोट्रोपिन टोचून पीतपिंडकारी लाटेचे काम करवून घेतले जाते, आणि सुमारे 34 ते 36 तासांनी, अंडी आपोआप सुटण्यापूर्वी, ती सुईने काढून घेतली जातात. काही तास चुकले, तर अंडी अपक्व तरी मिळतात किंवा निसटून तरी जातात.

श्रेयाचा प्रश्न

भारतातील या इतिहासाला एक दुःखद प्रकरण जोडलेले आहे. ओल्डहॅमनंतर सुमारे दहा आठवड्यांनी, 3 ऑक्टोबर 1978 रोजी, कोलकाता येथे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून असेच एक बालक जन्मले होते. त्यांनी संप्रेरकांनी अनेक अंडी वाढविली होती आणि गर्भ गोठवून ठेवून पुढील चक्रात गर्भाशयात सोडला होता. या दोन्ही गोष्टी पुढे जगभर रूढ झाल्या. मात्र राज्य सरकारने नेमलेल्या समितीने त्यांचा दावा अमान्य केला आणि 1981 मध्ये त्यांनी आपले जीवन संपविले. त्यांची कागदपत्रे अभ्यासून 1997 मध्ये या यशाचा पहिला मान मुखोपाध्याय यांचाच असल्याचे जाहीरपणे मांडले, ते डॉ. आनंद कुमार यांनी. परळच्या यशाचा पहिलेपणा ज्यात त्यांचाही वाटा होता, तो त्यांनी पुराव्यापुढे स्वतःहून सोडला. भारतीय विज्ञानाच्या इतिहासात इतका प्रांजळपणा क्वचितच आढळतो.

घराघरातील अर्थ

अधश्चेतक, पीयूषिका, अंडाशय, अंडनलिका, गर्भाशय, वृषण आणि शुक्राणू यांपैकी कोणतीही कडी निखळली, तरी गर्भधारणा होत नाही, आणि मूल न होणाऱ्या जवळजवळ निम्म्या जोडप्यांत कारण पूर्णतः किंवा अंशतः पुरुषाच्या बाजूस असते. तरीही वर्षानुवर्षे तपासण्या, उपास-तापास आणि सासरचे बोल एकट्या सुनेच्या वाट्याला येतात, तर वीर्याची साधी, वेदनारहित तपासणी लाजेपोटी टाळली जाते. पस्तिशीनंतर अंड्यांची संख्या व गुणवत्ता वेगाने घटत असल्याने, या टाळाटाळीत गेलेला काळ कोणतेही औषध परत देऊ शकत नाही. यासाठी दोघांचीही तपासणी आरंभीच आणि एकाच वेळी झाली पाहिजे.

लैंगिक आरोग्याचे ज्ञान मराठीतून उघडपणे दिले पाहिजे, या निष्ठेने र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यासाठी नोकरी गमावणे आणि न्यायालयात खटल्यांना तोंड देणे त्यांनी पत्करले. मूल हवे असणाऱ्यांनाही आणि नको असणाऱ्यांनाही शरीराचे हेच ज्ञान उपयोगी पडते, कारण गर्भनिरोधक गोळी अंड्याची सुटका थांबविते ती पीयूषिकेवरील याच आवराचा उपयोग करून. त्या गोळीचे कार्य आणि रजोनिवृत्तीतील संप्रेरकबदल यांचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.