नर माशाच्या पोटात अंडी

मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब झाला आणि भोईवाड्यातल्या वहिनी म्हणाल्या, "ओढ्याला पहिल्यासारखी मासळीच राहिली नाही. पाटी अर्धी भरत नाही, बाजारात बसून काय करू?" वाळूउपसा, आटलेलं पाणी, बारीक जाळी अशी कारणं पुष्कळ निघाली. एक कारण मात्र डोळ्यांना दिसत नाही. आज त्याबद्दल बोलू.

आपली पाळी, दिवस जाणं, पुरुषाची दाढी-मिशी हे सगळं संप्रेरकांच्या, म्हणजे हार्मोनच्या हुकमाने चालतं. माशांचंही तसंच. पाण्यात मिसळणारी काही द्रव्यं शरीराला हार्मोनसारखीच वाटतात आणि शरीर त्यांचा खोटा हुकूम पाळतं.

कॅनडात ओंटारियो प्रांतात काही तळी खास प्रयोगासाठी राखून ठेवली आहेत. तिथल्या २६० नंबरच्या तळ्यात कॅरेन किड आणि त्यांच्या सोबत्यांनी २००१ ते २००३ असे तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं इस्ट्रोजेन मिसळलं. आपल्या माला-एनमध्ये असतं तेच. प्रमाण किती? शंभर कोटी लिटर पाण्यात पाच-सहा ग्रॅम, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा!

तेवढ्यानेही फॅटहेड मिनो या बोटाएवढ्या माशाच्या नरांच्या अंगात अंड्याच्या बलकाचं प्रथिन तयार होऊ लागलं, जे मादीचं काम. काही नरांच्या वृषणात अंडी सापडली. मासे काही उलटे होऊन तरंगले नाहीत, म्हणून वरून बघणाऱ्याला काही कळलंही नसतं. फक्त नवी पिल्लं येईनात. या माशाचं आयुष्यच दोन-चार वर्षांचं, त्यामुळे बघता बघता तळ्यातून तो जवळजवळ संपला. त्याला खाऊन जगणारे मोठे ट्राउट मासेही रोडावले. हार्मोन मिसळणं थांबवल्यावर मिनो परत वाढले, पण त्याला काही वर्षं लागली.

हे ऐकून एका काकूंनी विचारलंच, "मग काय, सुनेची गोळी बंद करायची?" मुळीच नाही! गोळी सुरू करणं-सोडणं हे ती, तिचा नवरा आणि नर्सताई ठरवतील. लघवीतून इस्ट्रोजेन गोळी न घेणाऱ्या बाईचंही जातं, गाई-म्हशींचंही जातं. शिवाय काही साबण-पावडरींतली, कारखान्यांतली रसायनं आणि काही कीटकनाशकंही असाच घोळ घालतात. दोष एकट्या बाईच्या गोळीवर ढकलणं आम्हाला पटत नाही. सांडपाण्यावर नीट प्रक्रिया झाली की यातला बराच भाग कमी होतो. आपली गटारं मात्र थेट ओढ्यात उतरतात.

आपल्या ओढ्यात हेच झालंय, असं आम्ही म्हणत नाही. ते पाणी तपासल्याशिवाय कळणार नाही. पण फवारणीचा पंप ओढ्यात धुणं आणि उरलेल्या गोळ्या मोरीत टाकणं आमच्या गटाने बंद केलंय. गटारांच्या तोंडाशी शोषखड्डे करावेत, असा ग्रामपंचायतीला अर्ज लिहून झालाय. पहिली सही वहिनींची आहे. बाकीच्यांनी ग्रामसभेच्या आधी येऊन करून जावी.