तोडफोड नेमका कोणाचा?

लेखमाला : बोलती गाणी (भाग नववा)

२० मार्च २०२२ रोजी मुंबईचा धर्मेश परमार गेला. वय अवघे २४. हृदयविकाराचा झटका आला, असे घरच्यांनी सांगितले. रॅप ऐकणारी पोरे त्याला ‘एमसी तोडफोड’ म्हणून ओळखत. ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटात तो गायचा. सोबती मराठीत आणि हिंदीत गात, हा गुजरातीत. शेवटचा तो गायला तेही ‘स्वदेसी मेळा’ या गटाच्याच कार्यक्रमात. रणवीर सिंग, सिद्धांत चतुर्वेदी, झोया अख्तर यांनी समाजमाध्यमांवर श्रद्धांजली वाहिली आणि वर्तमानपत्रांत ‘गली बॉयचा रॅपर गेला’ अशा मथळ्याच्या बातम्या आल्या.

मागे राहिले ते फार नाही. गटाची काही गाणी, एका गाजलेल्या चित्रपटातले एक गाणे आणि मृत्यूच्या थोडेच दिवस आधी आलेला ‘ट्रुथ अँड बेस’ हा अल्बम. एवढ्याशा शिदोरीवर नाव टिकते कसे? आणि टिकले तर त्या नावावरून वाद का होतो? या भागात हेच पाहायचे आहे.

मुंबईच्या एका गुजराती पोराशी देवळीला काय देणेघेणे, असे काही वाचक विचारतील. पहिले कारण अगदी जवळचे आहे. ‘स्वदेसी’मधला सौरभ अभ्यंकर आपल्या शेजारच्या अमरावतीचा. त्याच्या रॅपमध्ये वऱ्हाडी कान असलेल्या माणसाला घरची बोली सापडते. दुसरे कारण जुने आहे. हातात ठेका धरायचा, समोरच्याला थेट ‘तू’ म्हणून बोलवायचे, अर्धे बोलायचे, अर्धे गायचे आणि गावाच्या तोंडावर गावाचे दोष सांगायचे, हे सगळे वर्धा-अमरावतीच्या माणसाने राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर ऐकलेले आहे. १९४२ मध्ये याच भजनांनी लोक पेटतात असे ब्रिटिश सरकारला वाटले. आपल्या जिल्ह्यातल्या आष्टीत आणि चंद्रपूरकडच्या चिमूरमध्ये ऑगस्टात जे झाले, त्यानंतर महाराजांना अटक झाली आणि त्यांना नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवले गेले. आज त्यांच्याबद्दल दोन मते नाहीत. त्या वेळी होती, आणि सरकारी दप्तरातले मत तर स्पष्टच होते. गाण्याने माणूस बिघडतो की जागा होतो, हे भांडण आपल्या मातीला नवे नाही.

आता तोडफोडच्या वारशातल्या सर्वांत वादग्रस्त गाण्याकडे येऊ. ‘द वारली रिव्होल्ट’ हे ‘स्वदेसी’चे गाणे २०१९ मध्ये आले. आरेच्या जंगलातल्या पाड्यावर राहणारे आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात आहे. गाण्याचे नाव इतिहासातून आले आहे. ठाणे जिल्ह्यात १९४५ ते १९४७ या काळात वारल्यांनी सावकार-जमीनदारांची वेठ मोडून काढली. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो लढा लिहून ठेवला आहे. वेठ करणाऱ्या आजोबाची गोष्ट आणि जंगल सुटू पाहणाऱ्या नातवाची गोष्ट ‘स्वदेसी’च्या पोरांनी एका ठेक्यावर आणली. मला हे फार मोठे काम वाटते. अभ्यासक्रमात या लढ्याला जेमतेम जागा मिळते. इथे तो कानात गाणे लावून लोकलला लटकणाऱ्या मुलापर्यंत पोहोचला.

त्याच वर्षी वाद पेटला. मुंबई मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेची कारशेड आरेत व्हायची होती. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने झाडे वाचवण्यासाठीच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने थांबवायला सांगितले, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. मग सरकार बदलले, कामाला स्थगिती आली. २०२० मध्ये आरेतली सुमारे ८०० एकर जमीन राखीव वन ठरली आणि कारशेड कांजूरमार्गला न्यायचे ठरले. पुढे तेही न्यायालयात अडकले.

तोडफोड गेला तो या टप्प्यावर, मार्च २०२२ मध्ये. तेव्हा गाणे गाणाऱ्यांची बाजू वरचढ दिसत होती. तीनच महिन्यांनी, जूनअखेर, राज्यात पुन्हा सत्ताबदल झाला आणि कारशेड आरेतच करण्याचा निर्णय झाला. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल या टप्प्याचे उद्घाटन झाले. झाडे पडू लागली त्या रात्रीला आदल्याच दिवशी पाच वर्षे झाली होती.

माझ्या मते त्याच्या वारशाचा सगळा पेच या तारखांमध्ये आहे. जिवंत कलावंत घटनांच्या मागून चालतो. हरला तर हरल्याचे गाणे करतो, मत बदलले तर बदललेले मत गातो, कधी जुने गाणे गायचेच सोडून देतो. मेलेल्याला यातले काही करता येत नाही. त्याचे गाणे एका तारखेला थांबते आणि बाहेरचे जग पुढे सरकत राहते. आज त्या मेट्रोने दादरला किंवा वरळीला कामावर जाणारा माणूस म्हणतो, ‘रस्त्यावरचे दोन तास वाचले, पोरांचे गाणे ऐकत बसलो असतो तर?’ त्याचे वाचलेले तास खरे आहेत. पाड्यावरची बाई म्हणते, ‘आमची झाडे गेली ती गेलीच.’ तिचे नुकसानही खरे आहे. दोघांच्या मधे उभे राहून या दोघांनाही उत्तर देऊ शकला असता असा एक गायक आता नाही.

आपल्याकडे हे कळायला मुंबईला जायची गरज नाही. २०२० मध्ये वर्धा-सेवाग्राम रस्ता रुंद करताना गांधींच्या काळातली झाडे तोडायला सुरुवात झाली, लोक रस्त्यावर आले आणि तोड थांबवावी लागली. त्या दिवसांत एकाच घरात बापाला रस्ता हवा होता आणि पोरीला झाडे. दोघेही वर्ध्याचेच. आरेचा वाद त्याच जातीचा आहे, आकाराने फक्त मोठा. म्हणून ‘विकासाच्या आड येणारी पोरे’ किंवा ‘निसर्गाचे रक्षक’ अशा दोन पाट्यांपैकी एक उचलून तोडफोडच्या गळ्यात अडकवली की विषय संपला असे वाटते, पण संपत काही नाही.

दुसरे भांडण चित्रपटाचे आहे. ‘गली बॉय’ १४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला आणि त्यातल्या ‘इंडिया ९१’ या गाण्यात तोडफोडचा आवाज देशभर गेला. हे गाणे मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या कामातून उभे राहिले. कर्नाटक संगीतातले तालाचे बोल आणि गल्लीतला रॅप यांची गाठ त्यांनी घातली. मुंबईची ही पोरे त्यांच्याकडे ताल शिकली. रॅप म्हणजे बिनतालमीची बडबड असे म्हणणाऱ्या आपल्या शास्त्रीय मंडळींनी हे गाणे एकदा मात्रा मोजत ऐकावे, अशी माझी मनापासून विनंती आहे. यमके कुठे पडतात, श्वास कुठे घेतला जातो, समेवर शब्द कसा येतो, हे ऐकले की मत बदलते.

वाद संगीतावर मात्र नाही. चळवळीतल्या अनेकांचे म्हणणे असे, की चित्रपटाने गल्लीचा राग घेतला आणि त्याची धार घासून टाकली; गरिबी दाखवली, जात गाळली. उलट बाजू म्हणते, चित्रपट नसता तर यांची नावे किती जणांना कळली असती? मला पहिल्या बाजूचे म्हणणे पटते, पण त्यावरून तोडफोडला दोष देणे पटत नाही. ज्या पोराने ‘गली बॉय’मध्ये आवाज दिला, त्याचाच गट त्याच वर्षी ‘वारली रिव्होल्ट’ घेऊन आला. पैसा आणि प्रसिद्धी दाराशी आली असताना त्याने आरेचा पाडा सोडला नाही. मथळ्यांत मात्र चित्रपटच राहिला. त्याच्या मृत्यूची बातमी वाचणाऱ्या बहुतेकांना प्रकाश भोईर हे नाव कधी कळलेच नाही.

मेलेल्या गायकावर कोण हक्क सांगतो, हा प्रश्न महाराष्ट्रात याआधी फार तीव्रतेने आला होता. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. त्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि १० माणसे मेली. काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. हयातभर ते डाव्या चळवळीत गायले. ‘आव्हान’ या नाट्यमंचातून पुढे त्यांना काढूनही टाकले गेले. जाताना त्यांनी डोक्याला निळे कापड बांधले होते. मग ते कोणाचे, लाल झेंड्याचे की निळ्या? आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट या प्रश्नापासून सुरू झाला आणि पुरा व्हायला १४ वर्षे लागली. आपल्या तालुक्यात भीमजयंतीच्या रात्री गाणाऱ्या मंडळांतल्या पोरांनी तो पाहिला नसेल तर जरूर पाहावा. घोगऱ्यांच्या गाण्यांत दोन्ही रंग आहेत, आणि एक रंग पुसून दुसरा ठेवणारा माणूस त्यांना अर्धाच ऐकतो.

तोडफोडच्या बाबतीत असे पुसणे आणखी सोपे जाते, कारण त्याची गाणी थोडी आणि भाषा गुजराती. त्याच्या काही चाहत्यांनी त्याला हुतात्मा करून टाकले आहे. हे चूक आहे. त्याला कोणी मारले नाही; तो आजाराने गेला. हुतात्मा म्हटले की त्याच्या ओळींवर बोट ठेवता येत नाही, अमुक गाणे कच्चे आहे असे म्हणता येत नाही. चोविशीतल्या कलावंताची काही गाणी कच्ची असणारच. ती कच्ची म्हणून ऐकणे हाही त्याचा मान आहे.

इथे बाहेरची दोन नावे घेतली पाहिजेत, कारण आपल्या पोरांच्या मोबाइलमध्ये तोडफोडपेक्षा तीच जास्त आहेत. अमेरिकेचा टुपाक शकूर १३ सप्टेंबर १९९६ रोजी लास व्हेगासमधल्या गोळीबाराच्या जखमांनी २५ व्या वर्षी गेला. त्याची आई ब्लॅक पँथर चळवळीतली. तिच्यावरचे त्याचे ‘डिअर मामा’ २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात गेले. त्याच टुपाकला एका स्त्रीवरच्या लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यात तुरुंगवास झाला होता. पंजाबचा सिद्धू मूसेवाला २९ मे २०२२ रोजी, म्हणजे तोडफोडनंतर दहा आठवड्यांनी, मानसा जिल्ह्यात गोळ्या घालून मारला गेला, वय २८. तपासात आपल्या पुणे जिल्ह्यातल्या तरुणांचीही नावे आली. मृत्यूनंतर आलेले त्याचे सतलज-यमुना कालव्यावरचे गाणे भारतात यूट्यूबवरून काढले गेले. कापसाच्या हंगामात बाजार समितीकडे जाणाऱ्या ट्रॅक्टरवर त्याचा आवाज ऐकू येतो, तो ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना पंजाबच्या पाण्याचा वाद माहीत असेल?

या दोघांवरचा वाद माणसावर आहे. बंदुकीची भाषा, बायांबद्दलची भाषा, गाण्यातले जगणे आणि प्रत्यक्षातले जगणे यांचे नाते, यावर तो चालतो आणि चाललाच पाहिजे. ज्या बाईवर अत्याचार झाला तिला ‘डिअर मामा’ ऐकवून गप्प बसवता येत नाही. तोडफोडवरचा वाद त्याच्या वागण्यावर नाही, त्याच्या म्हणण्यावर आहे. बंदूक न दाखवता, हाणामारीची बढाई न मारता रॅप करता येतो आणि तरी तो सरकारला आणि शेजाऱ्याला टोचतो, हे त्याने दाखवले. माझ्या लेखी त्याचे नाव टिकण्याचे खरे कारण हेच. त्याच्यानंतर, २०२३ मध्ये, राज्यातल्या सत्ताबदलावर मराठीत रॅप करणाऱ्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले. त्या गाण्यांची भाषा काहींना आवडली, काहींना शिवराळ वाटली. पण मराठी रॅपकडे पोलीस ठाण्याला लक्ष द्यावे लागले, आणि त्या वाटेवर तोडफोड व त्याचे सोबती आधी चालले होते.

भाषेचेही बोललेच पाहिजे. १९५६ ते १९६० या काळात मुंबई कोणाची, यावर मराठी आणि गुजराती माणसांत किती कडवटपणा आला हे जुन्या वाचकांना आठवत असेल. त्याच मुंबईत एक गुजराती पोरगा अमरावतीच्या मराठी पोराच्या खांद्याला खांदा लावून वारल्यांसाठी गायला. गुजरातीत त्याच्यासारखे गाणारे फारच थोडे होते. तो गेल्याने सर्वांत मोठे नुकसान त्या भाषेचे झाले, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली.

देवळीत गुजराती बोलणारी घरे आहेत, वऱ्हाडी बोलणारी तर सगळीच. या आठवड्यात एवढे करा. घरातल्या मुलाला किंवा मुलीला ‘द वारली रिव्होल्ट’ लावायला सांगा आणि आजीआजोबांना शेजारी बसवा. गुजराती घरांनी ‘ट्रुथ अँड बेस’ लावावा आणि त्यातले काय कळले, काय खटकले ते शेजाऱ्याला मराठीत सांगावे. मग जे मत होईल, पटले किंवा मुळीच पटले नाही, ते मला लिहून पाठवा. पुढच्या भागात अमरावतीच्या सौरभकडे वळण्याआधी तुमची पत्रे वाचायची आहेत.