अंदाज चुकला की मोजणी?

वर्गात आपण सांगतो, अंदाज आणि मोजणी जुळली नाही तर अंदाज तपासा. सोव्हिएत संघात उलटे घडले. १९३४ साली स्टालिनने देशाची लोकसंख्या १६.८ कोटी असल्याचे जाहीर केले. जानेवारी १९३७च्या जनगणनेत ती सुमारे १६.२ कोटीच भरली. १९३२-३३मध्ये सक्तीच्या धान्यवसुलीने ओढवलेल्या दुष्काळात लाखो माणसे दगावली होती. ही तूट आता आकड्यांत दिसू लागली. सरकारने जनगणनाच रद्द केली. तिचे प्रमुख अधिकारी पकडले गेले, काहींना गोळ्या घातल्या. १९३९च्या नव्या जनगणनेत १७ कोटी भरले!

म्हणून आम्हांला वाटते, विद्यार्थ्याचे उत्तर पुस्तकाशी जुळले नाही तर ते लगेच खोडायला लावू नये. आधी विचारावे, "कसे मोजलेस?"