तीन मिनिटांची तबकडी आणि ड्यूक एलिंग्टन

ड्यूक एलिंग्टन (१८९९–१९७४) यांचे नाव जॅझ संगीताच्या इतिहासात पियानोवादक, वाद्यवृंदप्रमुख आणि रचनाकार अशा तिन्ही नात्यांनी घेतले जाते. परंतु त्यांच्यातील रचनाकार कसा घडला, याचा सर्वांत विश्वासार्ह दस्तऐवज म्हणजे १९२४ ते १९३१ या काळात निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका होत. या मुद्रिका कालक्रमाने ऐकल्या, तर नाचघरात वाजणाऱ्या एका लहान चमूचे स्वतंत्र शैलीच्या वाद्यवृंदात रूपांतर होताना ऐकू येते आणि त्या रूपांतरात खुद्द ध्वनिमुद्रणाच्या तंत्राचा किती मोठा वाटा होता, हेही लक्षात येते.

एलिंग्टन यांचा जन्म वॉशिंग्टन शहरातला. १९२३ मध्ये ते काही सहकाऱ्यांसह न्यूयॉर्कला आले आणि ‘वॉशिंग्टोनियन्स’ या नावाने ब्रॉडवेजवळच्या एका क्लबात वाजवू लागले. पुढच्याच वर्षी चमूचे नेतृत्व बँजोवादक एल्मर स्नोडेन यांच्याकडून त्यांच्याकडे आले. हा चमू पुढे ज्या प्रकारचा वाद्यवृंद झाला, तो बिग बँड म्हणजे ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि सॅक्सोफोन यांचे वेगवेगळे गट, शिवाय पियानो, बँजो किंवा गिटार, बास आणि ड्रम्स यांचा लयविभाग असलेला मोठा वाद्यवृंद. मात्र नोव्हेंबर १९२४ मध्ये ‘ब्लू-डिस्क’ या छोट्या कंपनीसाठी ‘चू चू’ आणि ‘रेनी नाइट्स’ या रचना मुद्रित झाल्या, तेव्हा एलिंग्टन यांच्याकडे जेमतेम सहा वादक होते. त्या काळी वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर बसून वाजवीत आणि आवाजाच्या दाबानेच सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरीत असे. या पद्धतीत खर्जातली वाद्ये आणि ड्रम्स नीट उमटत नसत. ऐकणाऱ्याला या मुद्रिकांत नाचाला साजेसे, नीटनेटके, पण इतर अनेक चमूंसारखेच संगीत आढळते. अपवाद एकच, तो म्हणजे बबर मायली यांचा ट्रम्पेट.

मायली यांचे तंत्र ठाऊक असल्याशिवाय एलिंग्टन यांचे आरंभीचे संगीत समजत नाही. ट्रम्पेटच्या तोंडात आवाज दाबणारा ‘म्यूट’ बसवायचा, त्याच्यापुढे तुंबलेली मोरी मोकळी करण्यासाठी वापरतात तसली रबरी वाटी हाताने उघडझाप करायची आणि फुंकताना घशातून गुरगुरायचे, अशा तिहेरी युक्तीने ते वाद्यातून कण्हणे, दटावणे, विव्हळणे असे मानवी कंठाचे भाव काढीत. हेच तंत्र ट्रॉम्बोनवर जो ‘ट्रिकी सॅम’ नॅन्टन यांनी १९२६ पासून विकसित केले. त्या वर्षी २९ नोव्हेंबरला व्होकॅलियन कंपनीसाठी मुद्रित झालेल्या ‘ईस्ट सेंट लुइस टूडल-ऊ’मध्ये सॅक्सोफोन आणि ट्यूबा यांच्या संथ, गडद स्वरसंघातावर मायली यांची गुरगुरणारी धून येते आणि एलिंग्टन यांची ओळखण्याजोगी अशी पहिली रचना आकाराला येते. पुढे अनेक वर्षे हीच रचना या वाद्यवृंदाची ओळखधून राहिली.

याच सुमारास आयर्व्हिंग मिल्स हे प्रकाशक एलिंग्टन यांचे व्यवस्थापक झाले. मिल्स यांनी या वाद्यवृंदाला एकाच कंपनीच्या दावणीला बांधून ठेवले नाही. परिणामी तेच वादक ब्रन्सविकच्या तबकड्यांवर ‘जंगल बँड’, ओकेच्या तबकड्यांवर ‘हार्लेम फूटवॉर्मर्स’ आणि व्हिक्टरच्या तबकड्यांवर एलिंग्टन यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. व्यापारातून निघालेल्या या वाटेचा संगीताला अनपेक्षित लाभ झाला, कारण एकच रचना वेगवेगळ्या कंपन्यांसाठी पुन्हा पुन्हा मुद्रित करावी लागल्याने ती प्रत्येक वेळी तपासण्याची आणि सुधारण्याची संधी एलिंग्टन यांना मिळाली.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावत असे. याच मर्यादेत अब्दुल करीम खाँ यांच्यासारख्या गायकांना राग उभा करावा लागला होता. रागाचा विस्तार आवरता घेणे ही त्या गायकांपुढची अडचण होती, तर मुळात सुटे असलेले तुकडे एकसंध करणे ही एलिंग्टन यांच्यापुढची. ‘ब्लॅक अँड टॅन फँटसी’ ही १९२७ च्या एप्रिलमध्ये ब्रन्सविकसाठी, ऑक्टोबरमध्ये व्हिक्टरसाठी आणि नोव्हेंबरमध्ये ओकेसाठी मुद्रित झालेली रचना या दृष्टीने बारकाईने ऐकण्याजोगी आहे. काळे आणि गोरे अशा दोघांनाही प्रवेश देणाऱ्या क्लबांना ‘ब्लॅक अँड टॅन’ म्हणत. आरंभी मायली आणि नॅन्टन म्यूट लावून एक शोकाकुल धून जोडीने वाजवतात. तिचा साचा ब्लूजचा, म्हणजे प्रत्येकी चार मात्रांच्या बारा खंडांचे आवर्तन असलेला आहे. लगेच ऑटो हार्डविक यांचा सॅक्सोफोन जवळजवळ लाडिक वाटावी अशी गोड धून आणतो. त्यानंतर मायली एक तार स्वर चार खंड नुसता धरून ठेवतात आणि तो सोडताच गुरगुरत खाली उतरतात. मग पियानो आणि ट्रॉम्बोन आपापली आवर्तने भरतात आणि शेवटी शोपाँ यांच्या सुप्रसिद्ध शोकयात्रा-धुनेचा तुकडा येऊन रचना संपते. ओकेच्या मुद्रणात मायली यांच्या जागी जॅबो स्मिथ आहेत. आराखडा तोच असूनही रचनेचा स्वभाव बदलतो. एलिंग्टन अमुक वाद्यासाठी नव्हे, अमुक माणसासाठी लिहीत असत, या मताला याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल.

४ डिसेंबर १९२७ पासून हा वाद्यवृंद हार्लेममधील ‘कॉटन क्लब’मध्ये वाजवू लागला. रंगमंचावर काळे कलावंत आणि समोर केवळ गोरे प्रेक्षक, असा त्या क्लबचा रिवाज होता आणि तिथल्या आफ्रिकेच्या काल्पनिक देखाव्यांना साजेसे म्हणून गुरगुरत्या वाद्यांच्या संगीताला ‘जंगल’ शैली असे नाव पडले. नाव अपमानकारक असले, तरी नृत्ये आणि प्रवेश बदलत राहिल्याने सतत नव्या तऱ्हेचे संगीत लिहिण्याची गरज निर्माण झाली आणि रेडिओ प्रक्षेपणांमुळे ते देशभर पोहोचले. हॅरी कार्नी, बार्नी बिगार्ड, जॉनी हॉजेस यांच्यासारखे वादक याच काळात आले. ‘क्रिओल लव्ह कॉल’ या १९२७ च्या मुद्रिकेत ॲडलेड हॉल यांनी शब्दांविना गाऊन गळ्याचा वाद्यासारखा उपयोग केला, तर त्या रचनेची मूळ धून किंग ऑलिव्हर यांच्या १९२३ च्या एका मुद्रिकेशी जुळते. सहकाऱ्यांकडून आलेली धून घेऊन तिची मांडणी आपली करणे, ही एलिंग्टन यांची पद्धत होती. श्रेयाचा प्रश्न त्यामुळे आजही अभ्यासकांपुढे उभा राहतो.

१९२५ च्या सुमारास कर्ण्याची जागा विजेवर चालणाऱ्या मायक्रोफोनने घेतली आणि हळू वाजवलेला स्वरही टिपता येऊ लागला. या सोयीचा पुरेपूर उपयोग १९३० च्या ‘मूड इंडिगो’मध्ये दिसतो. क्लॅरिनेट वर आणि ट्रॉम्बोन खाली हा नेहमीचा क्रम सोडून एलिंग्टन यांनी क्लॅरिनेट त्याच्या खर्जात, म्यूट लावलेला ट्रॉम्बोन त्याच्या वरच्या पट्टीत आणि म्यूट लावलेला ट्रम्पेट सर्वांत वर ठेवला. तिन्ही वाद्ये संथपणे एकत्र वाजताना असा काही रंग निर्माण होतो, की कोणते वाद्य कोणते हे चटकन ओळखता येत नाही. कर्ण्याच्या जमान्यात असली रचना तबकडीवर उतरलीच नसती. पुढच्या वर्षी, १९३१ मध्ये, ‘क्रिओल ऱ्हॅप्सडी’ तबकडीच्या दोन्ही बाजू व्यापून मुद्रित झाली आणि जी मर्यादा पाळत एलिंग्टन रचना करायला शिकले होते, तीच त्यांनी ओलांडली.

या मुद्रिकांतील खरखर आणि अपुरा खर्ज यांमुळे आजचा श्रोता बिचकण्याचा संभव आहे. त्याने ‘ब्लॅक अँड टॅन फँटसी’ची तिन्ही मुद्रणे एकामागून एक ऐकावीत आणि मग ‘मूड इंडिगो’कडे वळावे. एलिंग्टन यांची नंतरची दीर्घ रचनांची कारकीर्द कितीही भव्य असली, तरी तिचा पाया याच तीन-तीन मिनिटांत घातला गेला होता.